हेराचा सिनेमा आणि बुरशीचा सिनेमा

प्रिय प्रमिला,

येत्या रविवारी आमगावला तुझ्या वैशालीच्या घरी तुझा स्मृतिदिन आहे. यंदा तिचं नवं घर झालंय, म्हणून कार्यक्रमही जरा मोठा. आधी बुद्धवंदना, मग चार माणसांचं बोलणं, मग जेवण. पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, आईबद्दल तूच बोल. शेवटचे दोन दिवस ती तुझ्याकडेच होती ना!"

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

होतीस का गं तू माझ्याकडे?

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. भाजीत दोनदा मीठ पडतं. सकाळी फिरायला निघते आणि फुलचूरच्या नाक्यावरूनच परत फिरते. आमचे हे विचारतात, "काय शोधून राहिली?" बोलण्यासाठी कागद घेतला, वर तुझं नाव लिहिलं, पुढे हात चालेना. म्हटलं, लोकांना सांगायच्या आधी तुलाच लिहावं. चुकलं तर तू टोकशील. तुला टोकल्याशिवाय कधी राहवलं?

सिनेमापासून सुरू करते. आपल्या भांडणाची सुरुवात तिथलीच.

आठवतं? गोंदियाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपण एकाच महिन्यात लागलो. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर या भोकातली दोरी त्या भोकात. "ट्रंक बुकिंग, बोला!" सकाळची पाळी दोनला सुटायची आणि तीनचा खेळ बरोब्बर सापडायचा. दोन बिनलग्नाच्या पोरी एकट्याच सिनेमाला जातात, म्हणून तुमच्या मोहल्ल्यात किती कुजबुज! तू म्हणायचीस, "बोलू दे वं. तिकीट काय त्यांचा बाप काढून राहिला?"

त्या एका उन्हाळ्यात, पंधरा दिवसांच्या अंतरानं, त्याच टॉकीजमध्ये, त्याच लेडीजच्या बाकांवर बसून आपण दोन सिनेमे पाहिले. एक हेराचा, एक बुरशीचा. नावं आपण कधी घेतलीच नाहीत. आपल्याला 'हेर' आणि 'बुरशी' पुरेसं होतं.

हेराचा सिनेमा हिंदी. लांब कोट, बर्फ, सहा गाणी. नायक बायकोला सांगतो, मी लोकरीचा व्यापारी आहे. दर वेळी निघताना म्हणतो, दोन दिवसांचं काम आहे. शेवटी तो सरहद्दीपलीकडे मरतो आणि कुणी त्या बाईला सांगतही नाही. तिला वाटतं, नवरा दुसरीसोबत पळाला. ती त्याचा फोटो उतरवते आणि सिनेमा संपतो. मी पदर ओला करून बाहेर आले. तुझा मात्र चेहरा तापलेला!

"खोटारडा मेला! आन् लोक टाळ्या वाजवून राहिले!"

"अगं, त्यानं तिला जपलं. खरं सांगितलं असतं तर ती रोज मेली असती."

"मग मरू द्यायचं होतं रोज! तिच्या वाटचं दुःख हा कायले खिशात घालून गेला? ते तिचं होतं ना?"

आणि तो बुरशीचा! इंग्रजी, एकही गाणं नाही. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावर वीस माणसांची वस्ती, बाहेर हिरवट धूळ. ती अंगाला लागली की माणसाच्या कातडीवर बुरशी चढते आणि मग ती आतून माणूस खाते. डॉक्टरीण आत असते. तिची जिवाभावाची मैत्रीण बाहेरून परत येते, आणि तिच्या तळहातावर हिरवे ठिपके. मधे काचेचं दार. मैत्रीण काचेवर हात ठेवते. डॉक्टरीण दार उघडत नाही. त्या वेळी टॉकीजमधला पंख्याचा आवाजसुद्धा मला ऐकू येत होता. तू मात्र शेंगदाणे खाणं थांबवलं नव्हतंस.

"बरोबर केलं तिनं," तू म्हणालीस. "आत एकोणीस जीव होते."

"मी असते तर उघडलं असतं."

"तू? तू तर पाल दिसली तं खोलीले कडी लावतेस!"

बस, तिथून जे सुरू झालं ते पस्तीस वर्षं चाललं. माझं म्हणणं, हेराचा सिनेमा मोठा, कारण त्यात माया आहे. दुसरा नुसता घाबरवतो. तुझं म्हणणं उलटं. हेराच्या सिनेमात शत्रू डोंगरापलीकडे असतो, म्हणून सगळे शूर. बुरशीच्या सिनेमात शत्रू मैत्रिणीच्या हातावर असतो, तिथं माणूस कळतो. दोन्हीकडे तीच लुकलुकणाऱ्या दिव्यांची यंत्रं, तेच लाल फोन. त्यांना मात्र तू सारखीच नावं ठेवायचीस. "हेराले परदेशाची लाइन एका मिनिटात लागते. आन् आपल्याले रायपूर लावाले तीन घंटे!" आणि बुरशीवाल्यांचा पृथ्वीशी संपर्क तुटला तेव्हा तू भर खेळात ओरडली होतीस, "अरे, लाइन तं टेस्ट करा आधी!"

एकदा बोर्डावर बसूनच आपली जुंपली होती. माझ्याकडून एक लाइन उघडी राहिली. पाच मिनिटांनी हेडफोनमधून राइस मिलवाल्या शेठचा आवाज आला, "मॅडम, रायपूर रहने दो. पहले ये बताओ, उसने फिर दरवाजा खोला कि नहीं?" तू हसून हसून खुर्चीवरून घसरलीस. मेमो मात्र मला मिळाला!

आता ती सकाळ. ती टाळायलाच इतकं सिनेमाचं लिहिलं, हे तू ओळखलं असशील.

साथीची दुसरी लाट. ह्यांच्या बायपासला चार महिने झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात कुणी यायचं नाही. दहा वाजले असतील. फाटकाशी ऑटो थांबला आणि तू उतरलीस. तोंडाला ओढणी, हातात ती निळी पिशवी. तू बेल वाजवलीस. मी खिडकीतून पाहिलं. तू फाटकाला धरून खोकलीस, आणि दाराच्या कडीकडे गेलेला माझा हात तिथंच थांबला.

मी खिडकीतूनच म्हटलं, "प्रमिला, आज नको गं. ह्यांचं तुला माहीत आहे ना."

"मी कुठं आत येऊन राहिली?" तू म्हणालीस. "वैशूकडं चालली आठ-दहा दिवस. फोन लागला नाई तं घाबरू नको, इतकंच सांगाले आली." मग जरा थांबून म्हणालीस, "पाणी दे वं बाटलीभर."

मी बाटली भरली. हातात ह्यांचे रबरी मोजे घातले. कंपाउंडच्या भिंतीवर बाटली ठेवली आणि तू उचलायच्या आत पळत घरात आले. दार लावलं. आणि मग, प्रमिला, मी खिडकीचा पडदा ओढला. ते कशासाठी? पडद्यानं कुठला आजार थांबतो? तुझ्याकडे पाहवत नव्हतं म्हणून ओढला.

पण फटीतून पाहिलंच. तुझा ऑटो ना स्टेशनकडे गेला, ना आमगावच्या रस्त्याला लागला. सरकारी दवाखान्याच्या बाजूला वळला. मी ते पाहिलं. मी स्वतःला सांगितलं, औषध घ्यायला गेली असेल.

दोन दिवस मी वैशालीला फोन केला नाही. रिसीव्हर उचलायचे आणि ठेवून द्यायचे. 'आई पोचली का?' इतकंच विचारायचं होतं. पण ती 'नाही' म्हणाली असती, तर मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. रडत होती. दवाखान्यातून कळवलं होतं, सगळं संपलं म्हणून. तिची समजूत, तुला रात्री एकाएकी माझ्या घरून तिकडे न्यावं लागलं. आणि रडता रडता ती मला म्हणाली, "मावशी, लोक आपल्या सख्ख्याले घरात घेऊन नाई राहिले, तू आईले दोन दिवस ठेवून घेतलं. तुझे उपकार कसे फेडू?"

तेव्हा मला कळलं. तू मला सांगितलंस, वैशूकडे चालली. तिला सांगितलंस, शालूकडे चालली. तिची बाळंतीण जाऊ, घरात महिन्याचं बाळ, म्हणून तिकडे गेली नाहीस. इकडे हे, म्हणून आत येण्याचा हट्ट केला नाहीस. आणि दवाखान्यातल्या खाटेवरून लेकीला फोन करून सांगत राहिलीस, "शालूकडं मस्त आराम करून राहिली."

काऊन गं? आयुष्यभर ज्या खोटेपणाबद्दल त्या हेराला शिव्या घातल्यास, तोच तू आम्हा दोघींशी करावास? आमच्या वाटचं दुःख तू कायले पिशवीत घालून नेलंस?

पण रागवायला मला तरी तोंड कुठं आहे! वैशाली थांबली होती, माझ्या उत्तरासाठी. मी "हं" म्हटलं. एवढंच. त्या एका 'हं'वर पाच वर्षं निघाली. दरवर्षी धान निघालं की तिच्याकडून नव्या तांदळाची थैली येते. तो तांदूळ शिजवते मी, सगळ्यांना वाढते, आणि स्वतःला भूक नाही म्हणून सांगते.

परवा सकाळच्या गाडीनं मी आमगावला गेले. ह्यांनाही सांगितलं नाही. वैशाली स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत बसली होती, रविवारचे. मी तिच्यासमोर खालीच बसले आणि म्हटलं, "वैशू, तुझी आई माझ्याकडे नव्हती."

"मंजे?"

मग सगळं सांगितलं. फाटक, बाटली, पडदा, ऑटो. तिची बोटं तांदळातून फिरत होती, पण खडा दिसला तरी ती उचलत नव्हती.

शेवटी म्हणाली, "ऑटो दवाखान्याकडं वळला, ते तू पाहिलं?"

"पाहिलं."

"आन् मले फोन नाई केला."

"नाही."

"दार नाई उघडलं, ते मले समजते मावशी. काकांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मी पण नसतं उघडलं कदाचित. पण फोन? फोनवरून तं काई लागत नोतं ना? तुम्ही दोघी तं जिंदगीभर लोकांचेच फोन लावून देत होत्या!"

ती उठली, परसात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. जावईबापूंनी मोटरसायकलवर मला स्टेशनला सोडलं. त्यांनाही काही समजलं नव्हतं. म्हणाले, "मावशी, तब्येत बरी नाही का?"

गाडीत खिडकीशी बसून मी तुझ्याशीच भांडत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरोबर केलं वं तू, डॉक्टरणीसारखं." पण तुझं ते म्हणणं मला आधी पटलं नव्हतं, आताही पटत नाही. आणि माझं म्हणणं तरी कुठं खरं निघालं? मी उघडलं असतं, म्हणणारी मी! शिवाय एक गोष्ट आपण दोघीही विसरलो होतो गं. त्या डॉक्टरणीनं दार उघडलं नाही, पण ती काचेपासून हललीही नव्हती. मैत्रीण खाली कोसळेपर्यंत ती समोर उभी होती, तिच्याशी बोलत होती. पस्तीस वर्षं आपण दाराबद्दल भांडलो, त्या उभं राहण्याबद्दल कुणी बोललंच नाही. मला तेवढं जमलं असतं, प्रमिला. खिडकीला गज होते, मधे अंगण होतं. मला तिथं उभं राहून विचारता आलं असतं, "खरं सांग, कुठं चाललीस?" तू मला खोटं सांगू शकली नसतीस. माझा आवाज बदलला की तुला कळायचं, तुझा बदलला की मला.

काल संध्याकाळी वैशालीचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाली, "मावशी, आईनं मलेही फसवलं. तिच्यावर रागवू का तुझ्यावर, माझं अजून ठरलं नाई. पण रविवारी ये. मी सगळ्यांना सांगत आली, मावशीनं आईले ठेवून घेतलं. आता जे झालं ते तूच सांग."

"सांगते," मी म्हटलं. या खेपेला 'हं' नाही म्हटलं.

आज सकाळी ह्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्यापायी?" मी म्हटलं, "नाही. फोन तुमच्यापायी नव्हता राहिला." रविवारी तेही सोबत येणार आहेत.

आता तुला वचन देते. रविवारी मी उभी राहीन आणि काहीही गाळणार नाही, रबरी मोजेसुद्धा नाही. तू किती धीट होतीस ते सांगेन, आणि तू खोटं बोललीस तेही सांगेन. नुसती थोर करून तुला भिंतीवर टांगणार नाही. माझं बोलणं झाल्यावर कुणी उठून गेलं तर जाऊ दे. मी जाणार नाही. पंगती उठल्यावर वैशालीसोबत भांडी घासायला बसेन. ती बोलली तर बोलेन, नाही बोलली तर नुसती घासत राहीन, ती "आता जा मावशी" म्हणेपर्यंत.

तुझी,
शालू
फुलचूर, गोंदिया