हॉलच्या आधी न्हाणीघर

अहो,

आत्याबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. पाय टेकवता येईना, म्हणून शेजारच्या माऊलीच्या गाडीतून त्यांना अंबडला दवाखान्यात नेऊन राह्यले. तुमचा फोन लागत न्हाई.

मिस्त्री हॉलचं छत करायला आल्ता. त्याला मी आधी न्हाणीघराची गुळगुळीत फरशी फोडायला लावलं. आता ते काम थांबवू नका. आपल्या आकांक्षाला बघायला येणारे पाहुणे जुन्याच छताखाली बसतील. माझ्यावर राग काढायचा तर मंग काढा.

गाडीत बसवलं तेव्हा आत्याबाई कण्हत म्हणाल्या, "भारतला सांगू नको गं. पाहुणे यायच्या आधी माझ्या लेकाचा हॉल होऊ दे." त्यांचं हे मी बिलकुल ऐकणार न्हाई. जल्दी या.

— ज्योत्स्ना