रेघेविना माता

सौंसर,
९ फेब्रुवारी १९८८

प्रिय मंगला,

सप्रेम जयभीम.

परवा सकाळी वंदना झाल्यावर मी ओसरीत पट्टी आणि काळा पेन घेऊन बसलो. तुझ्या आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनासाठी तू नागपूरहून पाठवलेला पाली गाथांच्या कागदांचा गठ्ठा समोर होता. आपल्या प्रभाकरची मुलं भिलाईच्या इंग्रजी शाळेत शिकतात, मराठी अडखळत वाचतात, आणि तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला मराठी येतच नाही. म्हणून पाली इंग्रजी अक्षरांत छापायची, हे तूच सुचवलंस. विहारातल्या भंतेजींनी मला ती लिपी शिकवली होती. 'अ'ला साधा ए, 'आ'ला डोक्यावर आडवी रेघ असलेला ए. तुझ्या कागदावर मात्र एकही रेघ नव्हती.

त्याचं कारण तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस. मशीनला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. साध्या इंग्रजी अक्षरांचे आकडे सगळीकडे सारखे. त्यांच्या वरचे आकडे फ्रेंच वगैरे लोकांच्या टोप्या-टिकल्यांच्या अक्षरांना दिले, पण रेघेच्या 'ए'ला कुणी आकडाच दिला नाही. तू टोपीचा ए घालून पाहिलास. तो पडद्यावर दिसला, पण छापायच्या मशीनकडे त्याच आकड्याचं दुसरंच चिन्ह होतं. शेवटी तू साधा ए ठेवलास. पोरी, मला राग आला नाही. आपल्यासाठी जागा धरलेली नव्हती, एवढंच कळलं.

मी हातानं रेघा ओढायला लागलो. शेजारचे भिवाजी कुंपणावरून म्हणाले, "सुखदेवभाऊ, काय करून राहिले? इंग्रजीले मराठीची रेघ मारून राहिले का? मास्तरनं पाहिलं तं आंगठे धरायले लावन." बऱ्याच दिवसांनी हसलो. मग शेवटच्या ओळीवर आलो. 'अम्हाकं माता यमुना.' रेघांशिवाय तिथं 'मत' झालं होतं. पालीत मत म्हणजे मेलेलं. तुला ते ठाऊक नव्हतं, आणि मशीनला तर कशाचंच काही ठाऊक नसतं.

पेन तसाच धरून बसलो. वर्षभरात 'मेली' हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. बोरगावची दूधवाली तुझ्या आईचं विचारायची, तर "घरी नाही" म्हणायचो. दिवाळीत तू म्हणालीस, बाबा, अस्थींचं मडकं किती दिवस संत्र्याच्या झाडाला राहू देता? मी म्हणालो, प्रभाकर येऊ दे. संक्रांतीला प्रभाकर आला, तर म्हणालो, मंगलाला सुट्टी मिळू दे. झाडाला पाणी घालताना मी तिच्याशी बोलत होतो, हे तुम्हा दोघांना सांगितलं नाही. तहसीलमधून थकून यायचो, तेव्हा सांगायला कोणीतरी लागायचं. पण गेल्या काही महिन्यांत बोलतानाही थकवा यायला लागला होता. ज्याला उत्तर नाही, असं बोलणं माणसाला आतून रिकामं करतं.

त्या ओळीवरच्या रेघा मी सगळ्यात शेवटी ओढल्या. मुलांनी आजीला माताच वाचायला हवं. मी मात्र रेघेशिवाय वाचलं, मोठ्यानं, ओसरीत. भिवाजी त्यांच्या घरातून माझ्यासाठी चहा घेऊन आले.

रविवारी तुम्ही दोघं याल तेव्हा झाडाला मडकं शोधाल, म्हणून हे पत्र आधी पाठवतो. तुमची वाट पाहिली असती, तर पुन्हा काहीतरी कारण काढलं असतं. रागावलीस तरी चालेल. काल सकाळच्या बसनं मी रामाकोन्याला गेलो. कन्हान नदीला पाणी कमी आहे, धारेपर्यंत वाळूतून बरंच चालावं लागलं. त्रिसरण म्हटलं, आणि तुझ्या आईला सोडून आलो.

तुझाच,
बाबा