हिरवट पानांची रोपं

रेन्मार्क,
१४ ऑक्टोबर

लाडक्या पोपीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. नदीला पाणी आहे, तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, माझं तोंड नेहमीसारखंच चालू असतं. हवं तिथे तेवढं बंद पडतं.

आपल्या रोपवाटिकेत पीचची खुंटरोपं, कलमं बांधायची ती, वीतभर झाली. लाल पानांच्या ओळी पाहून वाटतं, तू आत्ता वाकून हिरवट रोपं उपटत पुढे येशील. लाल ती शुद्ध, हिरवट ती भेसळ. हिरवटांवर बांधलेलं कलम मुळाच्या किडीला कधी बळी पडेल सांगता येत नाही.

गेल्या वर्षी इतकी हिरवट निघाली, तेव्हा थनासी तुझ्यावर केवढा बरसला! "बियांच्या गोण्या सांभाळता येत नाहीत? तीस वर्षांचं नाव मातीत घातलंस!" तू म्हणालीस, "बाबा, मी गोण्यांची अदलाबदल केली नाही." मी शेजारीच टोपली घेऊन उभी होते. तू त्याच आठवड्यात होबार्टला गेलीस.

यंदा बिया त्याने स्वतः धुतल्या, गोण्या स्वतः शिवल्या. तरी हिरवट रोपं आलीच.

पोपी, ऐक. माझा स्त्राती, तुझा आतोबा, गेला, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात कवचासकट एक बदाम सापडला. बियांच्या बागेजवळ बदाम लावायचा नाही, त्याचा पराग पीचला लागला की बी भेसळीचं होतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी लावला, नदीकाठी, बोरूच्या बेटाआड. तो पीचबरोबरच फुलू लागला. त्या पांढऱ्या फुलांखाली बसलं की डोळे मिटायचे, आणि स्त्राती पाण्यात पाय सोडून शेजारी बसलाय असं वाटायचं. वर मधमाश्यांची गुणगुण. त्या तिथून सरळ आपल्या पीचवर जायच्या. मला दिसत होतं गं! एका झाडाने काय होतंय, मी मनाशी म्हणायचे. तू गेल्यावर कळलं काय होतं ते, तरी या ऑगस्टमध्येही फुलू दिला.

रविवारी चर्चमधून आल्यावर थनासीला सांगितलं. कॉफीचा कप तसाच राहिला. "वासो, तुझ्या डोळ्यांदेखत मी पोरीला घालवलं," एवढंच म्हणाला. काल मी झाड कापलं. खूप रडले, खोटं कशाला सांगू. पण तुझी माफी मागायला तेवढं पुरत नाही, हे मला कळतं.

तुझे बाबा तासभर कागद घेऊन बसले होते. "पोरी," एवढंच लिहून उठले. तो कागद सोबत ठेवलाय.

त्या दिवशी तुझ्या बाजूने एक शब्दही न बोललेली,
तुझी आत्या वासो