धुऊन ठेवलेले वीस बांगडे

मद्रास, १२ डिसेंबर १९३४

तीर्थरूप आयेस,

गुणाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी खुशाल आहे. कॉलेजात नाव अजून आहे.

परवा मात्र माझं प्रोफेसर होणं थोडक्यात वाचलं. समुद्रातल्या जीवांच्या परीक्षेला आमच्या प्रोफेसरांनी वीस बांगडे पुढ्यात ठेवले. मला कोण आनंद! तू शिकवलंस तशी डोकी काढली, पोटं साफ केली, तीन पाण्यांनी धुऊन ताटात मांडले. पोटातली घाण मांजरीला घातली.

प्रोफेसर बघून मटकन खाली बसले. बांगडा काय खातो, ते पोट तपासून लिहायचं होतं! (पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनी हसू नये.) "तू घरी जा," म्हणाले.

एवढी मासळी फुकट कशी घालवायची? तू दिलेली तिरफळं टाकून कालवण केलं आणि त्यांच्या घरी नेलं. दोनदा भात घेऊन जेवले. मग म्हणाले, "सोमवारी पुन्हा बस परीक्षेला."

तुझ्या पायाची सूज उतरली का? बाजाराची टोपली धाकट्या हिराला उचलू दे.

सोमवारी घाण जपून ठेवीन आणि मासा टाकून देईन. एवढं जमलं की, आये, तुझा मुलगा प्रोफेसर झालाच म्हणून समज.

तुझाच,
गुणाजी