डाव्या हाताचं धनुष्य

शुक्रवार संध्याकाळ, अबू हलीफा, कुवेत

अखेर माझं पहिलं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य ठरलं. पण ठरलं ते डावखुऱ्याचं, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

रिफायनरीतला फहद पुढच्या हिवाळ्यात मला आफ्रिकेत शिकारीला नेणार आहे. वृंदाचं म्हणणं, "शिकार नंतर, आधी दोरी ओढता येते का बघ." बायकोचं खरं निघालं. दुकानात फहदच्यासारखं जड धनुष्य मला अर्धंही ओढवेना. हलकं घेतलं, तर बाण सारखे बाजूला.

मग दुकानदाराने हात लांब करून, पंजे जुळवून, मधल्या फटीतून दूरचं काहीतरी बघायला लावलं. मी दारात उभ्या वृंदाकडे बघितलं. डावा डोळा मिटला की ती गायब. उजवा मिटला तर आहे तिथेच, हसत. म्हणजे माझा नेम डाव्या डोळ्याचा. "लेफ्ट हँडवाला लो, भाई," तो म्हणाला. डाव्या हाताने दोरी ओढली आणि बाण मधोमध. हा हात इतका तयार कसा?

घरी येऊन नाशिकला आईला फोन लावला. जेवताना, आरतीला, प्रसाद घेताना डावा हात पुढे आला की तिची चापट ठरलेली असायची. या वयातही जरा भीतभीतच सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "बेचकी डाव्यानेच ताणायचास की परसात. दिसलं तर ओरडावं लागेल, म्हणून मी खिडकी लावून घ्यायचे."