न बांधलेल्या घरात राहिल्याबद्दलचा खुलासा आणि आत्याची खोली

प्रति,
माननीय नगररचना अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग.

अर्जदार : आपल्या नोटिशीत 'अनधिकृत भोगवटादार' असा ज्याचा उल्लेख आहे तो, सहकुटुंब.

विषय : न बांधलेल्या घराचा विनापरवाना वापर केल्याबद्दलच्या नोटिशीस खुलासा, तसेच आत्याच्या खोलीसह सुधारित नकाशास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस. (चिकटवायला भिंत न सापडल्याने आपल्या शिपायाने ती दगडाखाली ठेवली होती. मिळाली.)

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर भूखंडावर आजमितीस एकही वीट नाही. आहे ती फक्त फक्की, म्हणजे जमिनीवर मारलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेषा. नकाशा कागदावर कोणालाच कळेना, म्हणून अर्जदाराने गवंड्याकडून तो खऱ्या मापाने जमिनीवर आखून घेतला. घरच्यांना खोल्या समजाव्यात, एवढाच हेतू होता. त्या इतक्या समजतील अशी अर्जदारास कल्पना नव्हती.

२. दुसऱ्याच दिवशी अर्जदाराच्या वडिलांनी हॉलमध्ये खुर्ची टाकली आणि खिडकी लहान असल्याने उजेड येत नाही, अशी तक्रार भर उन्हात बसून केली. आई स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसू लागली. पत्नीने पडद्यांची मापे घेतली. मुलीने एकदा रागाने आपल्या खोलीचे दार आपटले, आणि त्याचा आवाज झाला असे तिची आजी आजही शपथेवर सांगते. रेषा ओलांडायची नाही, दारातूनच जायचे, असा नियम आपोआप पडला. अर्जदार एकदा घाईत न्हाणीघरातून थेट हॉलमध्ये आला असता पत्नीने त्यास परत पाठवले व फिरून दाराने यायला लावले. भिंतींना कान असतात म्हणतात. येथे भिंती नसल्याने नुसते कानच होते, आणि तेही सगळ्या गल्लीचे. स्वयंपाकघर मोठे की हॉल मोठा, यावर झालेले भांडण पलीकडच्या शिंप्यास तोंडपाठ आहे. प्रत्येकाने आपल्याच पोळीवर तूप ओढले. सकाळी सर्वांआधी येऊन वडील पायाने रेषा सरकवतात, हेही कालांतराने उघडकीस आले.

३. या सर्व धामधुमीत आत्याने काहीही मागितले नाही. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचे आजवरचे सगळे आयुष्य भावाच्या भाड्याच्या घरांतून, हॉलच्या कोपऱ्यात गेले. पाहुणा आला की गादी गुंडाळायची आणि पाणी आणायला उठायचे, हा तिचा रिवाज. नव्या घरात पूर्वेच्या कडेला तिची एक लहानशी खोली असावी, असे अर्जदाराने न विचारताच नकाशात घातले होते. पहिल्या दिवशी ती त्या रेषेबाहेर बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने आत येऊ का, असे विचारले. खोलीत कोणीही नव्हते. पुढे तिने तेथे एक घडीची खाट आणली, उन्हासाठी छत्री बांधली आणि दुपारभर ती आपल्या खोलीत बसू लागली. तिच्याकडे काम असले तर घरचे दाराशी थांबून हाक मारत. अर्जदार हे सर्व रस्त्यापलीकडून पाहत असे आणि त्याला उगाच हसू येत असे.

४. अशा परिस्थितीत आपले कनिष्ठ अभियंता टेप घेऊन पाहणीस आले. वडिलांनी त्यांना बूट बाहेर काढायला सांगितले. ते बूट काढून पूर्वेकडे मोजू लागले, तोच आईने त्यांना अत्यंत अदबीने सांगितले, "साहेब, तुम्ही भिंतीत उभे आहात." त्यावर साहेब माफी मागून बाजूला सरकले. ही गोष्ट त्यांच्या अहवालात नाही, तिची नोंद व्हावी. अहवालात एवढेच आहे की, 'घर वापरात आढळले'. अर्जदाराने पुष्कळ विचार केला, पण या वाक्यात त्यास खोटे काही सापडले नाही.

५. आपल्या नोटिशीत दोन आदेश आहेत. एक, घराचा वापर मुदतीत बंद करून ते खाली करावे. दोन, पूर्व बाजूस हद्दीपासून सोडावयाचे अंतर कमी भरत असल्याने त्या बाजूची खोली नकाशातून वगळावी. वडिलांनी नोटीस हॉलमध्ये उभे राहून मोठ्याने वाचली, आणि दुसरा आदेश वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण काय वाचले. आत्या म्हणाली, "असू दे. मला काय, हॉलमध्येही झोप लागते." तिने छत्री सोडली, खाट मिटून काखेत घेतली आणि चालू लागली. महोदय, ती दाराने गेली नाही. सरळ भिंतीतून गेली. इतक्या दिवसांत तिचा पाय एकदाही रेषेवर पडला नव्हता. अर्जदारास फार वाईट वाटले. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते त्यास ठाऊक नाही, सबब तसेच लिहिले आहे.

६. त्यानंतर जे घडले त्यास बांधकाम नियमांत काय म्हणतात, कळत नाही. आई उठली. स्वयंपाकघराच्या वीतभर जागेसाठी जिने वडिलांशी अबोला धरला होता, त्या आईने झाडू घेतला आणि स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत झाडून टाकली. ते पाहून वडिलांनी हॉलचा कोपरा सोडला. पत्नीने कपाटाची जागा सोडली. मुलीने तर उत्साहाच्या भरात जिनाच पुसला, तो नंतर परत काढावा लागला. फक्कीचे घमेले हातोहात फिरले, आणि सबंध घर हसत, ठेचकाळत पश्चिमेकडे सरकले. वडील शिंकून शिंकून बेजार झाले. घरातील प्रत्येकाने प्रत्येकास चुना लावला, आणि तो अक्षरशः. सर्व आटोपल्यावर अर्जदाराची अभ्यासिका कुठेच सापडेना. शोधाअंती तिचा बोळ झाल्याचे दिसून आले. याबाबत अर्जदाराची काडीमात्र तक्रार नाही. पूर्वेचे अंतर आता नियमाप्रमाणे भरत असून वर हातभर शिल्लक राहते, ते कार्यालयास अर्पण. मुलगी आत्याला बोलवायला गेली. आत्या आली, थोडा वेळ बघत राहिली, आणि दाराने आत गेली.

७. आज मुदतीचा शेवटचा दिवस. आपल्या पहिल्या आदेशाचा मान राखून घर खाली करण्यात आले आहे. वडील खुर्चीसह, आई स्टुलासह, पत्नी व मुलगी पडद्यांच्या कापडासह रस्त्यावर आहेत. आत्या मात्र निघालेली नाही. अर्जदाराने तिला नोटीस वाचून दाखवली, कायदा समजावला, हात जोडले. ती नाही म्हणाली. महोदय, हा शब्द तिच्या तोंडून अर्जदाराने जन्मात प्रथमच ऐकला. बाहेर येऊन सांगितल्यावर वडिलांनी तो त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला, आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

८. तरी सोबतच्या सुधारित नकाशास त्वरित मंजुरी मिळावी, ही विनंती. दंड असल्यास तो अर्जदारावर बसवावा. भिंती पुढेमागे होतीलच. आत्याला बाहेर काढण्याचे काम मात्र अर्जदाराच्याने होणार नाही, आणि झाले असते तरी त्याने केले नसते. कार्यालयास ते आवश्यक वाटल्यास आपण स्वतः यावे. बूट बाहेर काढावेत.

आपला नम्र,
व या क्षणी आपल्याच घराबाहेर आनंदाने उभा असलेला,
अर्जदार
(सही)

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा, दुपार.

सोबत :
(अ) सुधारित नकाशा. कडेचे पांढरे ठसे फक्कीचे आहेत, खाडाखोड समजू नये.
(आ) जागा सोडल्याबद्दल आई, वडील, पत्नी व मुलगी यांची संमतीपत्रे.
(इ) आत्याचा जबाब. जोडलेला नाही. तो घेण्यास अर्जदार तिच्या दाराशी गेला असता आतून उत्तर आले, "नंतर ये रे, मी जरा पडलेय."