एका हाकेपुरती उंची

दिनांक : ३ मार्च

प्रति,
मा. अधीक्षक,
हवाईतळ कार्यालय,
टॉवरचा तळमजला.

विषय : आमच्या घरावरून कमी उंचीवर विमान नेण्यास असलेली बंदी येत्या रविवारी एका फेरीपुरती उठवण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या आईने माझ्या वडिलांविरुद्ध आपल्याकडे केलेली तक्रार.
२) त्यावरून आपण काढलेला बंदी आदेश. (मूळ प्रत चौकटीत घालून आमच्या बैठकीत लावली आहे.)

महोदय,

१. अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माझे वडील नेहमीप्रमाणे आपल्या तळावरून त्यांचे जुने दुपंखी विमान घेऊन उडाले. उघड्या बैठकीचे, कापडी पंखांचे ते विमान वयाने त्यांच्याहून मोठे, म्हणून ते त्याला 'म्हातारी' म्हणत. "म्हातारीला फिरवून आणतो," असे सांगून ते निघाले की आई विचारी, "कुठल्या?" परतताना त्यांनी खेळाच्या मैदानावर इंजिन मंद केले आणि बाहेर वाकून हाक दिली, "चहा ठेवा!" मैदानात फेऱ्या मारणाऱ्या निवृत्त कंडक्टरकाकांनी ती उचलून आमच्या खिडकीखाली आणून पोचवली. काका निवृत्त आहेत, त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे. बाबा सायकलने घरी येईपर्यंत चहा उकळला होता. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा खिडकीखाली आले, पण त्यांनी हाक दिली नाही. जिना चढून वर आले आणि दाराची बेल वाजवली.

२. हाक मैदानावरून का, हे आपणांस ठाऊक आहे. पूर्वी बाबा थेट आमच्या गच्चीवरूनच ओरडत. चहापुरते होते तोवर आईची हरकत नव्हती. मात्र एके सकाळी त्यांनी वरून "चष्मा घरी राहिला!" असे सांगितले आणि सगळी गल्ली घरात पळाली. चष्मा वर्तमानपत्र वाचण्याचा होता व त्यांची दूरची नजर उत्तम होती, हे आपल्या कार्यालयाच्याच डॉक्टरांनी नंतर लिहून दिले. पण शेजारीण आईला भाजीवाल्यासमोर म्हणाली, "तुमचे हे चाचपडत उतरतात का हो?" आईने त्याच दुपारी तक्रार लिहिली. शुद्धलेखन मी तपासले.

३. आपला आदेश आला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचला, भाषा स्वच्छ आहे म्हणून आपले कौतुक केले आणि तो भिंतीवर लावला. त्यानंतर त्यांनी आदेश अक्षरशः पाळला, याची नोंद कार्यालयाने घ्यावी ही विनंती. मनाई आमच्या घरावर होती. मैदान आपल्या नकाशात उड्डाणासाठी मोकळे होते. आई एवढेच म्हणाली, "माणूस काही सुधारायचा नाही," आणि त्या दिवशी चहात आले जास्त घातले.

४. बाबांचे वैमानिक मित्र, व्यवसायाने दातांचे डॉक्टर, यांच्याकडे तशाच बनावटीचे दुसरे विमान आहे. बाबांना जाऊन वर्ष होत आले. येत्या रविवारी आमच्या गच्चीवरून एक फेरी मारून, इंजिन मंद करून, तीच हाक द्यायची त्यांची तयारी आहे. अडचण अशी की डॉक्टरांना ओरडण्याची सवय नाही. "माझ्या धंद्यात ओरडायचं काम पेशंट करतात," असे ते म्हणाले. गेले काही दिवस ते दवाखाना बंद केल्यावर सराव करत आहेत. त्यामुळे दोन पेशंटनी वेळ रद्द केल्याचे कळते.

५. याबाबत मी आपल्या कार्यालयात समक्ष आले होते. खिडकीवरील लिपिकांनी सांगितले की बंदी उठवायची तर तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा लेखी खुलासा जोडावा. एवढे बोलून त्यांनी नियमाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मला पाणी आणून दिले. त्यांच्या वागण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आमच्या घरातून एक तक्रार पुरे झाली. मात्र सदर खुलासा मिळण्यात अडचण आहे. त्याऐवजी आदेश भिंतीवर लावताना बाबा जे बोलले ते ग्राह्य धरावे : "तक्रार खरी आहे. पण चहा वेळेवर मिळतो." याला आई व मी अशा दोघी साक्षीदार आहोत.

६. तक्रार मागे घेण्यास आई तयार आहे. तिची अट एकच : डॉक्टरांनी चष्मा घालून उडावे.

७. शेजाऱ्यांचीही हरकत नाही. शेजारीणबाई त्या दिवशी गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे स्वतः काढणार आहेत. कंडक्टरकाकांचे म्हणणे असे की हाक थेट घरावर आली तर त्यांच्या सेवेची गरज उरत नाही. तरी जादा गाडी म्हणून मैदानावर थांबण्याची मुभा मिळावी. ती देण्याचा अधिकार कोणाचा, हे मला ठरवता आलेले नाही. आपण द्यावी.

८. एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. अपघाताच्या चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही. उडताच इंजिन बंद पडले, उंची थोडी होती, पुढे झाडे होती. त्याबद्दल मला काही मागायचे नाही. गोष्ट आदल्या दिवसाची आहे. त्या शनिवारी चहात बिस्किट बुडवताना बाबांनी मला विचारले, "तू खिडकीत असतेस. हाक ऐकू येते. मग उत्तर का देत नाहीस?"

मी म्हणाले, "तुम्हाला ऐकू येणार आहे का?"

"मला नाही येणार. पण द्यायचं असतं."

मग त्यांनी मला विमान सुरू करण्याची रीत पुन्हा एकदा सांगितली, जी मी लहानपणापासून पाहत आले होते. विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवणारा पुढून हाक देतो, "स्विच बंद?" बसलेला म्हणतो, "बंद." मग "चालू?" आणि "चालू." दोघांना एकमेकांचे हात दिसत असले, तरी उत्तर आल्याशिवाय पंख्याला कोणी हात लावत नाही. "हाक अर्धी राहिली की काम अडतं," ते म्हणाले, आणि तेवढ्यात बिस्किट तुटून कपात पडले. आम्ही ते चमच्याने शोधण्यात गुंतलो आणि विषय तिथेच राहिला.

९. तरी वरील हाक एकदा, योग्य त्या उंचीवरून, मिळावी. ती पूर्ण करण्याची जबाबदारी माझी.

त्रासाबद्दल आधीच दिलगीर,
आपली नम्र,
(सही)
तक्रारदाराची व ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची मुलगी

सोबत :
१) तक्रार मागे घेत असल्याचे आईचे पत्र, अटीसह.
२) डॉक्टरांचे संमतीपत्र. (अक्षर लागले नाही तर मी येऊन वाचून दाखवीन.)

ता. क. सरकारी कागद पाठवण्यापूर्वी तो मोठ्याने वाचावा, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे हा अर्ज मी आत्ता आईला वाचून दाखवला. नववा मुद्दा संपल्यावर ती म्हणाली, "आणि तू काय म्हणणार, ते लिहिलंच नाहीस. गच्चीवर जा आणि म्हणून बघ. आवाज पोचायला हवा."

मी गेले. आकाश रिकामे होते. शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या, त्या थांबल्या. मी कठड्याला धरून, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटले,

"ठेवलाय, बाबा. सावकाश या."